पहिल्या वर्षी सूट, दुसऱ्या वर्षी तोबराभर

(माहूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यान म्हटलं की बोलणाऱ्याने काहीतरी उदात्त सांगावं, अशी अपेक्षा असते. मी आज बाजाराबद्दल बोलणार आहे. राज्य मोडलं, दुष्काळ पडला, माणसं परागंदा झाली, कोण कुठला याचा पत्ता उरला नाही, अशा वेळी पहिला सौदा कसा होतो? ज्याच्या बापाचं नाव ठाऊक नाही, त्याच्या हवाली आपलं ज्वारीचं पोतं कोण करतो, आणि कशाच्या भरवशावर?

हा प्रश्न विचारायला माहूर ही चांगली जागा आहे. हे गाव कायम काठावरचं. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पैनगंगा ही दोन राज्यकारभारांची, दोन नाण्यांची हद्द झाली. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे इंग्रजांचा कलदार. तिसऱ्या बाजूला तेलुगू मुलूख. रेणुकेच्या गडावर, दत्तशिखरावर, अनसूयेच्या टेकडीवर आणि सोनापीरच्या दर्ग्यात येणारी माणसं या तिन्ही बाजूंची. इथल्या दुकानदाराला अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याची सवय पिढीजात आहे. ती कशी लागली, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मोडलेल्या काळात आधी विश्वास आणि मग व्यापार, असा क्रम नसतो. आधी व्यवहार होतो, आणि तो असा बेतलेला असतो की समोरच्याने फसवलं तरी आपण बुडू नये. विश्वास मागाहून साचतो, पूर ओसरल्यावर शेतात गाळ साचावा तसा. आणि गाळासारखाच तो सगळ्या शेतांत सारखा साचत नाही.

सहाशे वर्षं मागं जाऊ. १३९६ साली दख्खनमध्ये जो दुष्काळ सुरू झाला त्याला लोकांनी 'दुर्गादेवी' हे नाव दिलं. परंपरा सांगते, तो बारा वर्षं चालला. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात या दुष्काळाची हकीकत आहे. गावंच्या गावं ओस पडली, डोंगरी किल्ले ज्याच्या हाती लागले त्याचे झाले, आणि गोदावरी-कृष्णेच्या मधल्या मुलखातून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ वसूल असा फारसा आलाच नाही. तीस वर्षं म्हणजे एक पूर्ण पिढी. ज्या मुलाने गाव सोडलं, तो परतला तेव्हा म्हातारपणाकडे झुकलेला होता आणि त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

मग बहामनी दरबाराने मुलूख पुन्हा वसवायला माणसं पाठवली. फौज मलिक-उत्-तुज्जारची होती. वसाहतीचं काम दादो नरसो काळे नावाच्या जाणत्या ब्राह्मणाकडे आणि बिदरच्या दरबारातल्या एका तुर्की खोजाकडे होतं. या जोडीपुढे पहिली अडचण आली ती शिवेची. कुठलं शेत कुठल्या गावचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. पाटील नाही, महार नाही, बांधाची खूण नाही. त्यांनी नव्या शिवा ठरवल्या, त्या ऐसपैस ठरवल्या, दोन-तीन ओस गावं मिळून एक गाव केलं. आणि जो कसेल त्याला जमीन, असा पुकारा केला. अटी दोनच. पहिल्या वर्षी काही द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य.

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. या अटींवर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण मला ती आपल्या इतिहासातली फार हुशार कलमं वाटतात. कुठल्याही कास्तकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सरकार म्हणजे ज्याने तुमचा आजा लुटला ते. त्याचा शिपाई येऊन सांगतो, नांगर धर. तुम्ही का ऐकावं? ऐकलं तरी बियाणं जमिनीत घालायचं आणि सुगीला तो सगळंच उचलून नेणार नाही, याची हमी काय? पहिल्या वर्षाची सूट म्हणजे सरकारने आपला डाव आधी मांडणं. गेलं तर सरकारचं एक वर्ष गेलं, तुमचं काही नाही. ही दया नव्हती, हिशेब होता. दुसऱ्या वर्षीचा तोबरा त्याहून हुशार. पायली, शेर, मण ही मापं गावोगाव वेगळी, आणि माप कुणाचं यावर भांडण ठरलेलं. तोबरा मात्र स्वाराच्या घोड्याला टांगलेलाच असतो, कास्तकाराला डोळ्यांनी दिसतो, आणि एका तोबऱ्यात किती मावतं हे दोघांनाही न बोलता कळतं. वाद घालायला जागाच नाही. माझा हा तर्क आहे, डफ एवढं सांगत नाही. पण पुढे मराठ्यांच्या काळात ओस जमिनीला 'कौल' देऊन 'इस्ताव्या'ने, म्हणजे दरवर्षी थोडा थोडा चढत जाणारा सारा लावून वसवण्याची जी पद्धत दिसते, तिच्यात हीच अक्कल आहे.

या हकिकतीत एक नाव मी मुद्दाम घेतलं: मलिक-उत्-तुज्जार. हा किताब होता, अर्थ व्यापाऱ्यांचा सरदार. तो घेणारा खलफ हसन बसरी हा परदेशी व्यापारी. त्याची गोष्ट इतिहासकार फिरिश्त्याने रंगवून सांगितली आहे. १४२२ साली बहामनी गादीसाठी तंटा लागला, राजपुत्र अहमदखान जीव घेऊन पळाला, खलफ हसन त्याच्याबरोबर. फौज थोडी, पाठीवर शत्रू. त्याच वेळी वाटा असुरक्षित झाल्यामुळे कल्याणीच्या परिसरात दोन हजार बैलांचा बंजाऱ्यांचा तांडा आणि लाहोरकडून तीनशे घोडे आणणारे व्यापारी अडकून पडले होते. खलफ हसनने ते घोडे आणि बैल मिळवले, माणसं चढवली, लाल-हिरवी निशाणं लावली, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं की नवी फौज आली. शत्रू बिचकला, डाव साधला, अहमदशहा गादीवर बसला. पुढे दुष्काळात त्याने डोंगरावर जाऊन पावसासाठी प्रार्थना केली, पाऊस पडला आणि लोक त्याला 'वली' म्हणू लागले. मला पावसापेक्षा बैल महत्त्वाचे वाटतात.

कारण मोडलेल्या मुलखात धान्य फिरवणारे हेच. आपल्या भागात तांडे आहेत, सभागृहात बंजारा बांधव-भगिनी बसल्या आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही, इतरांना आहे. लमाण तांडा म्हणजे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून चालणारं गाव. जाताना धान्य, येताना मीठ. तांड्याचा नाईक हाच त्यांचा न्याय, हीच त्यांची पत. तुम्ही एका लमाणाला ओळखत नसाल, पण नाईकाला जाब विचारता येतो, आणि नाईक पुढच्या वर्षी त्याच वाटेने येणार असतो. पुढच्या वर्षी यायचं आहे, एवढ्या एका गोष्टीवर निम्मा व्यापार उभा असतो. हेरोडोटसने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक मुका व्यापार लिहून ठेवला आहे. कार्थेजचे व्यापारी माल वाळूत मांडून, धूर करून जहाजात जाऊन बसायचे. तिथले लोक येऊन मालाशेजारी सोनं ठेवायचे आणि दूर व्हायचे. पटलं तर व्यापारी सोनं उचलायचे, नाही पटलं तर थांबायचे. एकमेकांचं तोंडही न पाहता सौदा. आपल्याकडे नाईक होता, म्हणून निदान तोंडं दिसत होती.

१६३० चा दुष्काळ तर याहून भयंकर. शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की हाडांचा भुगा पिठात मिसळून विकला जात होता. त्याच सुमारास दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या आसफखानाने भंगी आणि जंगी या दोन बंजारा नाईकांना ताम्रपट दिला, अशी परंपरा आहे. त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते म्हणतात. ताम्रपटाचा आशय असा: बैलांना चारा नसेल तर घराच्या छपराचं गवत घ्या, पाणी नसेल तर रांजणातलं घ्या, दिवसाला तीन खून माफ, पण माझं घोडदळ जिथं असेल तिथं तुमचे बैल असले पाहिजेत. ऐकायला हे क्रूर वाटतं आणि आहेही. ज्याच्या छपराचं गवत गेलं त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण सत्ता कुणापुढे वाकत होती ते पाहा. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने असई, आडगाव, गाविलगड या लढाया केल्या त्या बंजाऱ्यांच्या बैलांच्या जोरावर. दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांना सहसा हात लावत नसत, कारण आज लुटलं तर उद्या उपाशी.

आणि मग आगगाडी आली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद मार्ग नांदेडवरून गेला. बैलांची गरज संपली. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत ज्या फिरत्या समाजांची नावं घातली गेली त्यांत बंजाऱ्यांचे अनेक गट होते. ज्यांच्यावर तीनशे वर्षं फौजा विसंबल्या, त्यांना ठाण्यात हजेरी लावायची वेळ आली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. अनोळखी माणसावरचा विश्वास त्याच्या स्वभावावर नसतो, त्याच्या उपयोगावर असतो, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसत नाही. मला हे मान्य करायला आवडत नाही, पण तसं आहे.

आता यात्रांकडे वळतो. अनोळखी माणसांना भेटायला ठरलेली जागा आणि ठरलेली तिथी लागते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडा देतो, नाहीतर दंड भर. चार दिवसांची मुदत. निकितीनच्या पाठीशी राजा नाही, वकील नाही, भाषा नाही. खुरासानचा एक मुहम्मद नावाचा ख्वाजा आला, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सुटला. हाच निकितीन पुढे बिदरला गेला आणि आळंदच्या शेख अलाउद्दीनच्या उरुसातला बाजार पाहून थक्क झाला. दहा दिवसांचा बाजार, वीस हजार घोडे विकायला येतात, असं त्याने लिहिलं. आळंद लातूरच्या सीमेपासून फार लांब नाही. जुन्नरात एका घोड्यापायी धर्म पणाला लागतो, आणि आळंदला वीस हजार घोडे बिनधास्त हात बदलतात. फरक एवढाच की आळंदला पीराची जागा होती, जिथं दंगा करणाऱ्याला पुढच्या उरुसाला तोंड दाखवायला जागा नसते.

आपल्या नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात. घोडे, उंट, गाढवं, बैल. तिथं सौदा कसा होतो ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव बोलायचा, तोंडाने फक्त 'हां', 'नाही', 'वर या'. आपल्या मोंढ्यात आडत्यांचा 'हत्ता' होता तोही हाच. अर्थशास्त्राचे जाणकार या पद्धतीवर टीका करतात, भाव झाकला की शेतकरी नागवला जातो म्हणतात. मोंढ्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच उघड लिलावाची मागणी झाली. पण यात्रेतल्या रुमालाचं दुसरंही एक काम आहे. दोन अनोळखी माणसांना एकमेकांचा हात धरावा लागतो, आणि सौदा फिसकटला तर चारचौघांत कुणाचीच इज्जत जात नाही. भांडण टळतं. मध्ये दलाल असतो, तो दोघांचाही नसतो आणि दोघांकडूनही घेतो. त्याला आपण शिव्या घालतो. मात्र तो नसेल तर परक्या माणसाशी बोलणं सुरूच होणार नाही.

मोडण्याबद्दल बोलतो आहे, तर माहूरचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. खलफ हसननंतर मलिक-उत्-तुज्जार हाच किताब घेणारा दुसरा मोठा माणूस महमूद गावान, गिलानचा व्यापारी. त्याने बिदरला मदरसा बांधला, जमिनी मोजल्या, चार सुभ्यांचे आठ केले. वऱ्हाडचे दोन भाग झाले: गाविल आणि आपलं माहूर. त्यामुळे ज्यांचे सुभे अर्धे झाले ते सरदार चिडले. त्यांनी गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र तयार केलं आणि सुलतानापुढे ठेवलं. ५ एप्रिल १४८१ ला गावानचा शिरच्छेद झाला. पुढचं महत्त्वाचं. फिरिश्ता सांगतो, वऱ्हाडचा फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान यांनी आपले तंबू उपटले आणि शाही छावणीपासून काही कोसांवर नेऊन ठोकले. सुलतानाने बोलावलं तर उत्तर गेलं की, गावानसारख्याचा जीव चहाडीवर जातो तिथं आमची काय कथा! पुढच्या काही दशकांत बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले. तुकडे पडण्याच्या किती आधी ते मोडलं होतं! शिक्का खरा की खोटा हे कळेनासं झालं त्या दिवशीच.

आता जवळचं, आणि अवघड. १३ ते १७ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी या भागात जे केलं ते या सभागृहातल्या अनेक घरांनी सोसलं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. त्यानंतर जे झालं त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते हिंडले. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी नांदेड आणि उस्मानाबाद ही नावं लिहिली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. त्यांचा अंदाज, संपूर्ण राज्यात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांना वाचायला मिळाला नव्हता.

अहवालात लातूरबद्दल एक परिच्छेद आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याचं गाव, मोठी व्यापारी पेठ, श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापारी. तिथं वीसहून अधिक दिवस हत्या चालू होत्या. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी समितीला तीन हजारच सापडले. हजारावर मारले गेले, बाकीचे कफल्लक होऊन पळाले. आणि त्याच अहवालात दुसरीकडे असं आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदू हल्लेखोरांशी झुंज दिली, त्यात आपली माणसं गमावली. एका धंद्यात असलेल्यांमध्ये हे विशेष दिसलं, असं समितीने नमूद केलं आहे.

या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. लातूरच्या पेठेतही वर्षानुवर्षांचा व्यापार होताच की. गंजगोलाईच्या त्या वर्तुळात सगळ्या जातिधर्मांची माणसं रोज एकमेकांना भेटत होती. मग तिथला व्यापार का कामी आला नाही, आणि विणकरांचा माग का आला? माझा तर्क असा. पेठेतला संबंध देणेकरी-घेणेकऱ्याचा होता. एकाच्या वहीत दुसऱ्याचं कर्ज. राज्य उलटलं की कर्जदाराला वही जळालेलीच बरी वाटते. विणकरांचा संबंध बरोबरीचा होता. सूत महाग झालं तर दोघांनाही, कापड पडून राहिलं तर दोघांचंही. तिथं शेजाऱ्याचा माग जाळून कुणाचं काही सुटत नव्हतं. म्हणून 'व्यापाराने माणसं जोडली जातात' असं सरसकट म्हणणाऱ्या विद्वानांशी माझं जमत नाही. कोणता व्यापार, ते आधी सांगा.

त्या पडझडीतही एक गोष्ट मोडली नाही, हाली रुपया. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा भाव ठरलेला. निजामाची सत्ता गेली, पोलीस बदलले, कचेरीवरचा झेंडा बदलला, तरी त्याच्या नावाच्या नोटा बाजारात चालत राहिल्या. त्या पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं. सोमालियात १९९१ साली सरकारच नाहीसं झालं, मध्यवर्ती बँक बंद पडली, तरी सोमाली शिलिंगच्या जुन्या कळकट नोटा बाजारात चालू राहिल्या, आणि परदेशातून येणारा पैसा हवालाच्या दुकानांतून गावोगाव पोचत राहिला. त्या दुकानदारांची हमी म्हणजे त्यांचं कुळ. पैसा खाल्ला तर कुळाने भरायचा. लमाणांचा नाईक आणि सोमाली हवालावाला एकमेकांना लगेच ओळखतील.

माझी आपल्याला एक विनंती आहे. माहूर, किनवट, हदगाव, उमरी, लातूर इथल्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर १९४० ते १९६० या वीस वर्षांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या अजून पडल्या असतील. सप्टेंबर १९४८ नंतर कुणी कुणाला पुन्हा पहिली उधारी दिली, किती दिली, कोणत्या नाण्यात दिली, ती कधी फिटली, हे त्यांतच लिहिलेलं आहे. हाली आणि कलदार अशी दुहेरी खाती असतील तर ती फारच मोलाची. या वह्या रद्दीत किलोवर घालू नका. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला द्या, किंवा निदान घरातल्या मुलांकडून मोबाईलवर पानापानाचा फोटो काढून ठेवा. वहीत आपल्या आजोबांनी कुणाला बुडवलेलं दिसलं, तरीही द्या.